नागपुरात नवे संगीत नाटक कसे पाहावे

नागपुरात संगीत नाटक पाहण्याची संधी वर्षातून फार वेळा येत नाही. पुण्यामुंबईच्या प्रेक्षकाचा एखादा प्रयोग चुकला तर तो पुढच्या शनिवारी जातो. आपल्याकडे मात्र नाटक मंडळी एका किंवा दोन प्रयोगांसाठी येतात, रात्रीच नेपथ्य गाडीत भरतात आणि परतीच्या वाटेला लागतात. तो एकुलता एक प्रयोग चुकीच्या खुर्चीत बसून आणि भलत्याच अपेक्षेने पाहिला, तर त्या नाटकाविषयीचे आपले मत पुढे वर्षानुवर्षे चुकीचेच राहते. माझ्या बाबतीत हे निदान दोनदा झाले आहे. त्यानंतर नवी संगीत नाटके पाहण्याची जी पद्धत मी स्वतःपुरती ठरवत गेले, ती येथे मांडते आहे. मी गाणे शिकलेली नाही, हेही आधीच सांगितलेले बरे.

पहिले काम जाहिरात नीट वाचण्याचे. नाटकाच्या नावाआधी ‘संगीत’ हा शब्द लावण्याची प्रथा अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पासून रूढ झाली, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्याचा पहिला प्रयोग झाला. त्यापूर्वीच्या नाटकांत गाण्याचा भार मुख्यतः सूत्रधार आणि त्याचे साथीदार वाहत असत. किर्लोस्करांनी पदे, म्हणजे नाटकातली गाणी, थेट पात्रांच्या तोंडी घातली आणि दुष्यंत आपल्या मनातले आपणच गाऊ लागला. ‘संगीत’ या शब्दाचा खरा अर्थ मला तेथे सापडतो: पात्र स्वतः गाते. आज मात्र हा शब्द निरनिराळ्या मालावर चिकटवलेला आढळतो. कधी ते जुन्या नाटकाचे नव्या संचातले पुनरुज्जीवन असते, कधी नव्या संहितेसाठी नव्याने बांधलेली पदे असतात, कधी अभंग, भारूड, लावणी यांच्या चालींवर उभे केलेले नाटक असते, आणि कधी सगळी गाणी आधीच ध्वनिमुद्रित करून नटांना केवळ ओठ हलवायला लावलेले असते. यांपैकी कोणताही प्रकार मुळात वाईट नाही, पण आपण कोणत्या प्रकाराचे तिकीट काढतो आहोत हे घरून निघण्यापूर्वी ठाऊक असले पाहिजे.

हे जाहिरातीवरून बरेचसे कळते. ऑर्गन आणि तबला यांच्यापुढे साथीदारांची नावे छापलेली असली, तर साथ प्रत्यक्ष आहे असे धरून चालावे. केवळ ‘पार्श्वसंगीत’ एवढाच उल्लेख असला, तर गाणी ट्रॅकवर असण्याचा संभव मोठा आहे. शंका उरलीच तर जाहिरातीतील क्रमांकावर फोन करून “साथ प्रत्यक्ष आहे की ट्रॅकवर?” एवढेच विचारावे. समोरून “ताई, साऊंड एकदम भारी आहे,” असे उत्तर आले, तर मी ट्रॅक आहे असे समजते आणि आजवर हा अंदाज क्वचितच चुकला आहे.

दुसरे काम खुर्चीचे, आणि त्याकडे आपण सर्वांत जास्त दुर्लक्ष करतो. गद्य नाटकासाठी पुढची रांग मिळवण्याची जी धडपड असते, ती संगीत नाटकासाठी उपयोगाची नाही. पहिल्या दोन-तीन रांगांत नटाचा गळा, साथीची वाद्ये आणि बाजूच्या ध्वनिक्षेपकांतून येणारा आवाज कानावर वेगवेगळे आदळतात. त्यांचे मिश्रण होण्यास जेवढे अंतर लागते तेवढे तेथे नसते. सिव्हिल लाइन्समधील वसंतराव देशपांडे सभागृहात मी सहाव्या ते बाराव्या रांगेतली मधली खुर्ची शोधते. रेशीमबागेतील कविवर्य सुरेश भट सभागृह २०१७ मध्ये सुरू झाले, आणि तेथे दोन हजारांच्या आसपास माणसे बसतात. एवढ्या मोठ्या सभागृहात मागे बसणारा प्रेक्षक गळा ऐकत नसून ध्वनिक्षेपक ऐकत असतो, हे लक्षात घेऊन तेथे थोडे अधिक पैसे मोजणे योग्य ठरते. लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सोसायटीच्या सभागृहासारखी आटोपशीर जागा असली, तर कोठेही बसले तरी फारसे बिघडत नाही. साथीदार कोणत्या विंगेजवळ बसणार आहेत हे आधी कळले, तर त्या टोकाच्या खुर्च्या टाळाव्यात, कारण तेथे तबल्याखाली शब्द दबतात. सर्वांत वाईट जागा म्हणजे बाल्कनीच्या सज्जाखालच्या शेवटच्या रांगा. प्लॅनवर त्या जागा इतर जागांसारख्याच सरळ आणि निरुपद्रवी दिसतात, हीच अडचण आहे.

या शेवटच्या वाक्यामागे माझी एक चूक आहे. काही वर्षांपूर्वी एका सभागृहात उशिरा तिकीट काढल्यामुळे आम्ही दोघे सज्जाखाली बसलो होतो. नाटक नवे, पदे नवी, आणि मला एकाही पदाचा अंतरा नीट कळला नाही. जोडाक्षरे तर मध्येच विरघळून जात होती. घरी येताना मी पदकाराला भरपूर नावे ठेवली. पुढे तेच नाटक अमरावतीला सातव्या रांगेतून पाहिले आणि लक्षात आले की पदांतले शब्द अत्यंत नेमके होते. त्या रात्री सज्जाखाली ते माझ्यापर्यंत पोहोचलेच नव्हते.

एकाच दिवशी दुपारचा आणि रात्रीचा असे दोन प्रयोग असतील, तर मी रात्रीचा निवडते. लांबच्या प्रवासाहून आलेला गळा दुपारी पुरता मोकळा झालेला नसतो, आणि नव्या सभागृहात ध्वनियोजकालाही माइकची पातळी सापडायला एक अंक जातो. रात्रीपर्यंत दोन्ही गोष्टी बसलेल्या असतात. मात्र मंडळींचा तो सलग तिसरा-चौथा दिवस असेल, तर हा हिशेब उलटतो. मे महिन्यात दुपारच्या प्रयोगाला जाण्याविषयी नागपूरकराला वेगळे सांगायला नको.

आता पूर्वतयारीविषयी. जुन्या नाटकाचे पुनरुज्जीवन पाहायला जाताना कथानक ठाऊक करून घ्यावे, कारण मूळची रात्रभर चालणारी पाच अंकी नाटके आज तीन तासांत बसवताना बरेच दुवे गळालेले असतात. जुन्या गायक नटांच्या ध्वनिमुद्रिका मात्र आदल्या आठवड्यात ऐकत बसू नये. तसे केले की आपण रंगमंचावरच्या मुलामुलीकडे पाहत नाही, कानातल्या तबकडीशी त्यांची तुलना करत राहतो, आणि त्या स्पर्धेत जिवंत माणूस नेहमी हरतो. अगदी नव्या नाटकाच्या बाबतीत मी याहून कडक आहे. त्याची गाणी प्रयोगापूर्वी मोबाइलवर उपलब्ध असली तरी ऐकू नयेत. पद पहिल्यांदा कानी पडावे ते त्याच्या प्रसंगात, ते ज्या वाक्यानंतर येते त्या वाक्यानंतरच.

कान तयार करण्यासाठी एकच अभ्यास मी सर्वांना सुचवते, आणि तो नागपूरच्या मातीतला आहे. ‘कट्यार काळजात घुसली’ हे १९६७ सालचे नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचे. ते नागपूरचे, आणि येथील रंजन कला मंदिर ही संस्था त्यांनीच उभी केली. खाँसाहेबांची भूमिका करणारे वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरला जन्मलेले, आणि गाण्याचे पहिले धडे त्यांनी नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे घेतलेले. संगीत नाटक म्हणजे पुण्याची मक्तेदारी असे आपल्याकडचेच लोक जेव्हा म्हणतात, तेव्हा मला ही दोन नावे आठवतात. या नाटकातले ‘घेई छंद’ हे पद जितेंद्र अभिषेकी यांनी दोन चालींत बांधले आहे, एक सालगवराळी रागात आणि दुसरी धानी रागात. शब्द तेच, पण नाटकातल्या दोन गायकी घराण्यांचे दोन स्वभाव. या दोन्ही चाली लागोपाठ ऐकाव्यात. एकीत शब्द कसा ठेहरावाने मांडला जातो आणि दुसरीत तोच शब्द कसा उसळून अंगावर येतो, हे ज्याच्या कानाला जाणवले, त्याला रागाचे नाव ओळखता आले नाही तरी चालेल. पदाने पात्र कसे घडवले जाते हे त्याला कळलेले असते.

प्रयोगाच्या दिवशी पहिल्या घंटेपूर्वी जागेवर असावे, कारण पडदा उघडण्याआधी पाहण्यासारखे पुष्कळ असते. साथीदार वाद्ये जुळवत असतात. ऑर्गनवादकाच्या पायांकडे पाहावे. खऱ्या ऑर्गनला पायाने भाता चालवावा लागतो. पाय स्थिर असतील तर पुढ्यात आहे तो ऑर्गनच्या आवाजाचा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड. कीबोर्डमुळे नाटक बिघडते असे नाही, परंतु भात्याच्या दाबाबरोबर ऑर्गनचा सूर जो किंचित फुगतो आणि ओसरतो, गाणाऱ्याच्या श्वासाला जो टेकू देतो, तो येथे मिळणार नाही एवढे आधीच समजते. तिसऱ्या घंटेनंतर नांदी सुरू झाली की ओळखीच्या मंडळींना हात करणे थांबवावे. आपल्याकडे नांदी म्हणजे जागा शोधण्याचा वेळ असा समज आहे, आणि दर वेळी माझ्या गुडघ्यांवरून निदान चार माणसे पलीकडे जातात.

पद सुरू होताना तीन ठिकाणी लक्ष ठेवावे. पहिले ठिकाण म्हणजे पदापूर्वीचे शेवटचे वाक्य. चांगला गायक नट ते वाक्य बोलता बोलताच सुरापाशी येऊन थांबतो. ऑर्गनने खालून हलकेच षड्ज, म्हणजे ‘सा’, धरलेला असतो आणि गद्य कोठे संपले, पद कोठे सुरू झाले हे सांगता येत नाही. कच्चा नट वाक्य संपवतो, दोन पावले पुढे येतो, खांदे सरळ करतो आणि मग गातो. हा सांधा ज्या नाटकात नीट बसवलेला आहे, त्याच्या दिग्दर्शकाला संगीत नाटक कळते असे मी खुशाल मानते. दुसरे ठिकाण म्हणजे समोरचे पात्र. एक जण गात असताना दुसऱ्याने काय करावे, हा या प्रकारातला सर्वांत अवघड प्रश्न आहे. पुष्कळदा ते पात्र फुलदाणीसारखे उभे असते. त्याच्या चेहऱ्यावर पदातील प्रत्येक ओळीगणिक काही बदलते आहे का, हे पाहावे. तिसरे ठिकाण म्हणजे पद संपल्यानंतरचे पहिले वाक्य. पदाआधीची परिस्थिती आणि नंतरची परिस्थिती जशीच्या तशी असेल, तर ते पद काढून टाकले तरी नाटकाचे काही अडले नसते. या पात्राला आत्ताच, येथेच गावेसे का वाटले, हा एकच प्रश्न मी रात्रभर मनाशी धरून ठेवते.

नव्या नाटकांत या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला ‘संगीत देवबाभळी’ने दिले. प्राजक्त देशमुख यांचे हे नाटक २०१७ मध्ये रंगभूमीवर आले. रंगमंचावर दोनच स्त्रिया: तुकोबांची आवली आणि तिच्या पायात रुतलेल्या काट्यामुळे तिच्या घरी सेवेला येऊन राहिलेली रखुमाई. आवली जे भांडून, फणकारून बोलते, तेच ती गाऊ लागली की वेगळे ऐकू येते. रखुमाईला स्वतःची ओळख बोलून सांगता येत नाही, त्यामुळे तिचे गाणे हे लपवलेले बोलणे होऊन बसते. ज्यांना ‘संगीत नाटक म्हणजे शालू, फेटे आणि ताना’ एवढेच ठाऊक आहे, त्यांनी सुरुवात अशा नाटकापासून करावी.

युगुलगीत आले की आणखी एक गंमत ऐकण्यासारखी असते. पुरुषाचा गळा साधारणपणे पेटीवरच्या काळी एक-दोन या पट्ट्यांच्या आसपास सुखावतो आणि स्त्रीचा काळी चार-पाचमध्ये. एकाच पट्टीत दोघांनी गायचे म्हटले की कोणाला तरी तडजोड करावी लागते; एक तर नायक वर ताणलेला ऐकू येतो किंवा नायिका खर्जात गुदमरते. चतुर संगीतकार एकाच्या मध्यमाला, म्हणजे ‘म’ला, दुसऱ्याचा षड्ज करून ही अडचण सोडवतो, आणि तसे केले असेल तर नायिका गाऊ लागताक्षणी खोलीत दिवा लागल्यासारखे वाटते. कारण न कळताही हा उजेड कोणालाही जाणवतो.

माइकविषयी एक प्रसंग सांगते. एका नव्या नाटकाच्या प्रयोगात नायिकेचा कॉलर माइक पदाच्या ऐन अंतऱ्यात बंद पडला. ध्वनियोजक धावपळ करत असावा, पण मी पाहत होते ते तबलजीकडे. त्याने मान वर करून एकदा तिच्याकडे पाहिले, डग्ग्यावर तळवा टेकवून त्याची घुमार मारली आणि उघडे बोल सोडून केवळ बोटांनी, जेमतेम ऐकू येईल असा ठेका धरला. ऑर्गनही त्याच्या मागोमाग खाली आला. सभागृह आपोआप चूप झाले, आणि आठव्या रांगेत तिचा उघडा आवाज, श्वासासकट, स्पष्ट येऊ लागला. दीड मिनिटाने माइक पूर्ववत झाला तेव्हा माझ्या शेजारचे वृद्ध गृहस्थ हळूच म्हणाले, “काहाले लावला बा परत!” प्रत्यक्ष साथीसाठी मी एवढा आग्रह का धरते, ते या प्रसंगावरून कळावे. ट्रॅक असता तर तो आपल्या गतीने, आपल्या आवाजात तसाच पुढे गेला असता.

वन्समोअरविषयी माझे मत पुष्कळांना पटत नाही. जुन्या नाटकाच्या पुनरुज्जीवनात, जेथे कथा सर्वांना पाठ आहे आणि आपण मुख्यतः गाणे ऐकायला आलो आहोत, तेथे एखादा वन्समोअर अवश्य द्यावा; गाणाऱ्याला तो हवा असतो आणि दुसऱ्या खेपेला तो नवी जागा घेतो, हा आपला लाभ. नव्या नाटकात मात्र देऊ नये. मरणाच्या दारात असलेल्या पात्राकडून तेच पद पुन्हा म्हणवून घेणे म्हणजे लेखकाने दोन अंक खपून उभा केलेला प्रसंग शिट्टीसरशी पाडणे होय. टाळीचेही तसेच आहे. तान समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन टेकेपर्यंत धीर धरावा; मध्येच वाजवलेल्या टाळ्यांत सम बुडते, आणि ज्यासाठी टाळी द्यायची तेच ऐकायचे राहून जाते. मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांविषयी लिहावे तेवढे थोडे आहे. पुढच्या रांगेत तो उजळलेला चौकोन वर आला की मागच्या दहा माणसांचा अंधार संपतो.

नागपूरकराजवळ असा एक संगीत रंगमंच आहे, जो पुण्यामुंबईच्या प्रेक्षकाला सहज मिळत नाही, आणि तरीही आपल्यापैकी फार थोडे तेथे जातात. दिवाळीनंतर चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागांत, म्हणजे झाडीपट्टीत, तिथल्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे त्याचे केंद्र. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी या रस्त्याने संध्याकाळपर्यंत तेथे पोहोचता येते. गावोगावच्या मंडई (जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांच्या निमित्ताने दरवर्षी नवी नाटके उभी राहतात आणि रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेला संपतो. झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातल्या वर्तमानपत्रांचे तिकडे थोडे लक्ष गेले. येथे गाणी आणि साथ डोळ्यांसमोर असतात. शास्त्रोक्त पदांची अपेक्षा मात्र ठेवू नये. मध्यरात्रीनंतर मंडपात डुलक्या सुरू झाल्या की नेमके कोणते गाणे बाहेर काढायचे, प्रेक्षक पुन्हा सावरून बसला की किती लवकर कथेकडे परतायचे, हे कौशल्य पाहावे. मी वर सांगितलेला प्रश्न येथे वेगळ्या रीतीने सुटतो: पात्राला गावेसे वाटते की नाही यापेक्षा, या घटकेला मंडपाला गाणे हवे आहे की नाही, हे आधी पाहिले जाते. जाताना जाड चादर आणि कानटोपी न्यावी, कारण डिसेंबरातली तिकडची पहाट आपल्या सभागृहातल्या वातानुकूलनाहून फार निराळी असते. परतीची गाडी उजाडल्याशिवाय काढू नये.

प्रयोग संपल्यावर, शक्य असेल तर, नटांच्या भेटीसाठी लागलेली रांग सोडून साथीदारांना भेटावे. ते वाद्ये गुंडाळत असतात, त्यांच्याभोवती गर्दी नसते, आणि कोणती चाल कितव्यांदा बदलली, कोणते पद पहिल्या दहा प्रयोगांनंतर गाळले, हे ते आनंदाने सांगतात. नव्या नाटकाची संहिता अजून ओली असते, ती प्रयोगागणिक हलत असते. वर्षभराने तेच नाटक पुन्हा नागपूरला आले तर ते दुसऱ्यांदा पाहण्याजोगे असते ते यासाठीच.

घरी आल्यावर झोपण्यापूर्वी मी वहीत तीनच नोंदी करते: कोणत्या रांगेत बसले होते, साथ कशी होती, आणि कोणत्या पदाची पहिली ओळ आत्ता, काहीही न पाहता, चालीसकट आठवते. पुष्कळदा तिसऱ्या नोंदीची जागा कोरी राहते. ती भरली गेली, तर त्या नाटकाच्या पुढच्या प्रयोगाची जाहिरात येण्याची मी वाट पाहते, आणि या खेपेला विंगेच्या दुसऱ्या बाजूची खुर्ची मागते.